शिक्क्यातली तीन अक्षरं

गोदामात दोघी जावा कामाला होत्या, म्हणून त्यांना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. घरातही तेच, गल्लीतही तेच. थोरलीचं वय सेहेचाळीस. अंगाने किरकोळ, बोलायला तुटक, पण हाताला अशी चपळ की लेबलाच्या गुंडाळीवरून कागद सोलून पेटीवर बसवेपर्यंत बघणाऱ्याची पापणी लवायची नाही. धाकटी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. ती पेट्या उघडायची, थोरली लेबलं लावायची, आणि ढकलगाडीवरून माल पुढच्या दाराने दुकानांकडे जायचा.

माल चीनहून यायचा. केस वाळवायची यंत्रं, भिंतीवरची घड्याळं, खेळण्यांतल्या मोटारी, शेगडीचे लायटर, काय वाट्टेल ते. पेटीवर सगळी चिनी अक्षरं. त्यांच्यावर शेठच्या कंपनीचं रंगीत लेबल बसलं की माल 'आपला' व्हायचा. कुठल्या पेटीला कुठलं लेबल, हे कोपऱ्यातल्या इंग्रजी आकड्यांवरून ठरायचं. आकडे ओलीने पुसले गेले की घोडं अडायचं. मग सोमवार किंवा गुरुवार येईपर्यंत पेट्या तशाच पडून राहायच्या, कारण त्या दोन दिवशी मास्तर यायचे.

मास्तर म्हणजे दुभाषी. चौसष्ट वर्षांचे, कोट जुना पण इस्त्रीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एके काळी ते संध्याकाळच्या वर्गात चिनी शिकवत. वर्ग बंद पडला तसे ते गोदामांची बिलं आणि पत्रं वाचून देऊ लागले. गावात चिनी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं.

एकदा मास्तरांची वाट न बघता थोरलीने अंदाजाने लेबलं लावली. दोनशे घड्याळांच्या पेट्यांवर वजनकाट्याची लेबलं बसली. शेठनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "ताई, या काट्यावर उभं राहून वजन बघायचं की वेळ?" सगळे हसले. धाकटीही हसली. थोरलीने दोन दिवस बसून ती लेबलं गरम पाण्याच्या फडक्याने सोलून काढली आणि गुरुवारी, चहाच्या सुट्टीत, मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"मला हे वाचायला शिकवाल का?"

मास्तरांनी बशीतला चहा खाली ठेवला. "शिक्षण किती तुमचं?"

"सातवी. आठवीत बसले होते, पण घरी धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नव्हतं, तेव्हा काढून घेतलं."

"बाई, साधं वर्तमानपत्र वाचायचं तर दोन हजार अक्षरं यावी लागतात."

"मला वर्तमानपत्र नाही वाचायचं. पेटी वाचायची आहे."

मास्तर हसले. "पेटीला दीडशे पुरतील," म्हणाले, आणि रिकाम्या पेटीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी पेनने एक अक्षर काढलं. वर आडवी रेघ, तिच्याखाली फाकलेले तीन पाय. "हे पहिलं. पाखरू वर आभाळाकडे उडालं ते खाली आलंच नाही, असं जुने लोक सांगत. याचा अर्थ 'नाही'. हे कशाच्याही पुढे लागलं की त्याचा अर्थ उलटा. हे एक आलं तरी अर्धा धोका टळतो."

थोरलीने लेकीची गणिताची चौकटीची वही मागून घेतली. एका चौकटीत एक अक्षर, एका ओळीत वीस वेळा. लेक बारावीला होती. ती म्हणाली, "आई, माझ्यापेक्षा तुझाच अभ्यास जास्त आहे." मास्तर सोमवारी दहा अक्षरं द्यायचे. गुरुवारी विचारलं की त्यातली तीन यायची, सात गेलेली असायची, जशी काही कधी पाहिलीच नव्हती. मास्तर चिडत नसत. ते म्हणायचे, "नुसतं बघून अक्षर राहत नाही. ते कसं बांधलंय ते हाताला कळू द्या. आधी आडवी, मग उभी. चौकोनाचं अक्षर असेल तर आधी भिंती, मग आतलं सामान, दार सगळ्यांत शेवटी लावायचं. आधीच दार लावलंत तर सामान बाहेर राहील."

हे तिला पटलं. घर लावायचं तर तिला येत होतंच. तिने घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दारावर दार, माठावर पाणी, तांदळाच्या डब्यावर आठ दिशांना उडालेल्या दाण्यांचं तांदळाचं अक्षर. सासूबाईंनी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, घरावर जादूटोणा करतेयस का? मला रात्री त्या माठाकडे बघवत नाही." नवरा बस आगारात टायर बदलायच्या कामावर होता. त्याच्या जेवणाच्या डब्यावरही चिठ्ठी होती. तो म्हणाला, "एवढं एक काढ. आगारात सगळे विचारतात, हे औषध कुठल्या डॉक्टरचं."

पण अक्षरं हळूहळू राहायला लागली. एका तोंडाचा एक चौकोन, अशी तीन तोंडं, खाली दोन आणि वर एक, रचली की 'माल'. हे प्रत्येक पेटीवर असायचं. "ही तीन तोंडं म्हणजे आपण दोघी आणि सासूबाई," थोरली म्हणाली, आणि ते अक्षर धाकटीच्याही लक्षात राहिलं. 'लहान' आणि 'काळीज' शेजारी लिहिली की 'जपून'. ज्याचं काळीज लहान तो जपून पाऊल टाकतो, हे कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. हात फाकून उभा राहिलेला माणूस म्हणजे 'मोठा', आणि त्याच्या खांद्यावर एक ठिपका दिला की तोच 'कुत्रा'. त्या दिवशी शेठ गोदामातून फेरी मारून गेले तेव्हा थोरली पुटपुटली, "एका ठिपक्याचाच काय तो फरक," आणि मास्तरांना एवढं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

छपराखाली एक बाई काढली की त्याचा अर्थ 'शांतता'.

"आणि दोन असल्या की?" थोरलीने विचारलं.

"दोन बायका शेजारी शेजारी लिहिलेलं एक अक्षर आहे," मास्तर म्हणाले. "त्याचा अर्थ भांडण. पण ते आता कोणी वापरत नाही."

"आमच्याकडे वापरतात," ती म्हणाली.

सगळ्यांत जास्त छळलं ते दोन अक्षरांनी. दोन्हींत एक काळीज आणि एक 'हरवलेलं'. काळीज बाजूला उभं केलं तर 'कामाच्या गडबडीत', खाली ठेवलं तर 'विसरणं'. कितीदा तरी तिने एकाच्या जागी दुसरं लिहिलं. मास्तर म्हणाले, "चूक नाही म्हणता येणार. माणूस गडबडीत असतो तेव्हाच विसरतो."

दोन वर्षांत तिची तीनशेच्या वर अक्षरं झाली. आता कुठल्याही पेटीसाठी मास्तरांची वाट बघावी लागत नव्हती. शेठ पाहुण्यांना सांगायचे, "आमची लेबलवाली बाईसुद्धा चिनी वाचते." मास्तर एकदा म्हणाले, "वर्गात माझ्याकडे पदवी घेतलेली मुलं येत. तीन महिन्यांत पळायची. तुमच्यासारखं कोणी टिकलं नाही." थोरलीने घरी जाऊन हे कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तिने भांडी घासताना गाणं गुणगुणलं, ते लेकीने ऐकलं.

मग थंडी सुरू झाली आणि शेकायच्या पिशव्या आल्या. विजेची वायर लावायची, आतलं पाणी पाच मिनिटांत गरम होतं, वायर काढायची आणि पिशवी गुडघ्यावर, कमरेवर ठेवायची. तीनशे चाळीस पेट्या. शेठनी या खेपेला लेबल मोठं छापून आणलं होतं आणि ते पेटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावरच लावायचं असं बजावलं होतं.

त्या कोपऱ्यावर निळा गोल शिक्का होता. शाई पसरलेली. थोरलीने पहिलं लेबल सोललं आणि ते हातातच धरून ती शिक्क्याकडे बघत राहिली. तीन अक्षरं. त्यातली दोन तिच्या रोजच्या ओळखीची. डब्याच्या तोंडावर झाकण नेमकं बसलं, ते एक; झाडाला टेकून कोणी शेजारी उभा, ते दुसरं. दोन्ही मिळून 'तपासणीत पास'. प्रत्येक चिनी वस्तूसोबत या दोन अक्षरांची हिरवी लंबगोल चिठ्ठी यायची, तिने हजारो पाहिल्या होत्या. पण इथे त्या दोघांच्या आधी, शाईत अर्धवट बुडालेलं, आडव्या रेघेखाली फाकलेले तीन पाय होते.

तिने पेटी उघडली. पिशव्यांत हिरवी चिठ्ठी नव्हती. दुसरी उघडली. तिच्यातही नव्हती. दहा पेट्यांचे शिक्के बघितले. एकावर शाई स्वच्छ उमटली होती, तिथे शंकेला जागाच नव्हती.

"हा माल नापास आहे," ती धाकटीला म्हणाली.

"असेल काहीतरी. लाव लेबल."

थोरली शेठकडे गेली. शेठनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत. "मास्तर येऊ देत," म्हणाले. "ते सांगतील तसं करू."

सोमवारी मास्तर आले. शेठनी त्यांना आधी केबिनमध्ये बोलावलं, काचेचं दार लावून घेतलं. पंधरा-वीस मिनिटांनी दोघे बाहेर आले. मास्तरांनी चष्मा लावला, तो स्वच्छ शिक्का बराच वेळ पाहिला. थोरली त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. धडा बरोबर वाचून दाखवलेल्या पोरीसारखी ती उभी होती, अगदी खरं सांगायचं तर शाबासकीची वाट बघत.

"पेट्या जुन्या आहेत," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या मालाच्या परत वापरल्यात. या शिक्क्याचा या मालाशी संबंध नाही. आणि पहिलं अक्षर ह्यांनी चुकीचं वाचलंय."

"मास्तर," थोरली म्हणाली, "ते अक्षर तुम्ही मला पहिल्या दिवशी शिकवलंत."

मास्तर तिच्याकडे न बघता चष्मा पुसत राहिले. "त्याच्यासारखी दिसणारी बरीच आहेत. नवशिक्यांचं असं होतं."

शेठनी तिच्या खांद्याजवळ हात नेऊन, न टेकवता, मायेने म्हटलं, "ताई, वाचायचं काम मास्तरांचं. चिकटवायचं तुमचं. उगाच डोक्याला ताप कशाला?"

त्या दिवशी थोरलीने सगळ्या पेट्यांना लेबलं लावली. घरी लेकीची फी होती, नवऱ्याचा खांदा दुखावलेला होता, आणि समोर दोन मोठी माणसं एकच गोष्ट सांगत होती. एक क्षण तर तिला वाटलं, आपलंच चुकलं असेल. पण हात लेबल बसवत होते आणि डोळे प्रत्येक शिक्का वाचत होते. डोळ्यांना थांबवता येत नव्हतं. एकदा वाचायला आलं की अक्षराची परत नुसती नक्षी होत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

चार दिवसांनी धाकटीने सवलतीत मिळालेली एक पिशवी सासूबाईंसाठी घरी आणली. सासूबाईंच्या गुडघ्यांनी थंडीत नाकी नऊ आणले होते. त्या पिशवी मांडीवर घेऊन तिच्या मखमलीवरून हात फिरवत बसल्या होत्या. थोरली आत आली, तिने वायर उचलली आणि कात्रीने मधोमध कापली.

घरात जे झालं ते गल्लीने ऐकलं. धाकटी म्हणाली, "मी आणलेली वस्तू म्हणून डोळ्यांत खुपली. दोन अक्षरं आली तर बाई शहाणी झाली." सासूबाई रडल्या. "माझ्या गुडघ्यांना ऊब मिळालेली बघवली नाही," एवढंच म्हणत राहिल्या. नवरा मध्ये पडला आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन बाहेर निघून गेला. थोरलीने समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "मास्तर काय म्हणाले?"

ही गोष्ट गोदामात पोचायला एक दिवस लागला. शेठनी या वेळी हसून नाही, सरळ सांगितलं, "कंपनीच्या मालाची बदनामी करणारं माणूस मला नको." थोरलीने आपला चहाचा कप आणि वही पिशवीत टाकली. जाता जाता रद्दीतून त्या स्वच्छ शिक्क्याचा पुठ्ठा फाडून घेतला. ती पेटी तिनेच, लेबल जरा बाजूला लावून, वेगळी ठेवली होती. आतला माल गेला होता, पेटी उरली होती.

खराब मालाच्या तक्रारी जिथे घेतात त्या कचेरीत ती गेली. खिडकीमागची बाई वाईट नव्हती, थकलेली होती. तिने पुठ्ठा उजेडात धरला, फोनचा कॅमेरा त्याच्यावर रोखला. रद्दीत ओल लागून शाई आता जरा पसरली होती. फोनने पहिलं अक्षर डाग समजून सोडून दिलं आणि उरलेल्या दोनांचा अर्थ दाखवला.

"हे बघा," बाई म्हणाली, "फोन तर म्हणतोय माल पास आहे."

"त्याच्या आधी एक अक्षर आहे. हे. हे तीन पाय."

"तुम्ही सांगता म्हणून मी कसं लिहू? मान्यता असलेल्या दुभाष्याचं भाषांतर जोडा, मी लगेच अर्ज घेते." तिने यादी काढून बोट फिरवलं. चिनी भाषेपुढे एकच नाव होतं. थोरलीला हसू आलं. बाईने विचारलं, "ओळखीचे आहेत का? मग तर सोपं झालं."

मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. भिंतीला पुस्तकं, एका कोपऱ्यात शिवणयंत्र. त्यांच्या बायकोने पाणी दिलं आणि ती आत गेली.

"तुमचं वाचन बरोबर होतं," मास्तर म्हणाले. "एक रेघसुद्धा चुकली नव्हती. शाई एवढी पसरलेली असताना तुम्ही ओळखलंत. माझ्या वर्गातल्या कोणाला जमलं नसतं." आवाजात चक्क कौतुक होतं, आणि तेच थोरलीला सहन झालं नाही.

"ते मला नका सांगू. लिहून द्या."

"मला तीनच गोदामं उरलीत, बाई. एकाने काढलं की बाकीचे दोघं विचारणार, का काढलं."

"मला एकच होतं."

मास्तरांनी कागद घेतला. सुंदर अक्षरात तारीख घातली, 'प्रमाणित करण्यात येते की' एवढं लिहिलं. मग पेन तसंच टेकवून बसले, कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला. "शिक्का मारून द्यावा लागेल," ते म्हणाले. "शिक्का दुरुस्तीला दिलाय. गुरुवारी या."

गुरुवारी ती गेली. दार त्यांच्या बायकोने अर्धंच उघडलं. "ते परगावी गेलेत, लेकीकडे. कधी येतील सांगता येत नाही." उंबऱ्याच्या आत मास्तरांच्या चपला होत्या, आणि आतून खोकल्याचा आवाज आला. बायकोने तो ऐकला, थोरलीनेही ऐकला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "बरं," थोरली म्हणाली आणि जिना उतरली.

भाषांतराविना तिने अर्ज दिलाच. अडीच महिन्यांनी उत्तर आलं की पुराव्याअभावी प्रकरण बंद करण्यात येत आहे. त्याच सुमारास पेपरात आतल्या पानावर दोन ओळींची बातमी होती. शेकायची पिशवी फुटून एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या मांड्या भाजल्या, गावातल्या इस्पितळात दाखल. पिशवी कुठल्या कंपनीची, ते लिहिलेलं नव्हतं. थोरली त्या इस्पितळात जाऊन विचारून आली. त्यांना घरी सोडलं होतं, पत्ता द्यायला कोणी तयार नव्हतं. ती पिशवी त्याच पेट्यांतली होती की दुसऱ्या कुणाची, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं नाही म्हणून सुटकाही झाली नाही.

तिला त्याच इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम मिळालं. चादरींना इस्त्री करायची. तिथे वाचायला काही नव्हतं. गोदामात तिच्या स्टुलावर आता धाकटी बसत होती. दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत, पण बोलणं कामापुरतं. नळ आला, गॅस संपला, एवढंच. सासूबाई थोरलीच्या हातचं जेवायच्या, पण गुडघे चेपून घ्यायला धाकटीला हाक मारायच्या.

पुढच्या थंडीत एका रविवारी थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटी येऊन दारात उभी राहिली, मग आत येऊन समोर बसली. तीही घड्या घालू लागली. चार-पाच कपडे झाल्यावर म्हणाली, "ताई, ती तीन अक्षरं काढून दाखव ना एकदा."

थोरलीने बिलाच्या पाठीवर पेनने काढली. सावकाश, रेघांच्या क्रमाने. धाकटी कागद हातात न घेता वाकून बघत राहिली.

"शुक्रवारी इस्त्र्या आल्यात," ती म्हणाली. "पेट्यांवर हेच आहे. शिक्का लाल आहे, पण हेच."

"मग?"

"मग काय. दीडशे पेट्या झाल्या लावून."

धाकटीने एका सदऱ्याच्या बाह्या आत मोडल्या, परत उलगडल्या. "ठाऊक नव्हतं तोवर हात चालत होते, ताई. आता उद्यापासून कसे चालवू, ते तू सांग. तुला येत होतं ना वाचता. तू कशी लावलीस?"

थोरलीला वाटलं, ही टोमणा मारतेय. तिने वर बघितलं. धाकटी खरंच विचारत होती.

"लावली," थोरली म्हणाली. "तीनशे चाळीस."

दोघींनी उरलेल्या घड्या घातल्या. सोमवारी सकाळी आठला धाकटी डबा घेऊन नेहमीसारखी कामावर गेली.